बळी तो कान पिळी? टांगानिकाच्या माशाला विचारा

दहावीच्या वर्गात आनुवंशिकतेचा धडा चालू होता. मेंडेलचे वाटाणे, उंच रोप, बुटके रोप, प्रभावी गुण, अप्रभावी गुण असे सगळे फळ्यावर काढून झाले आणि शेवटच्या बाकावरच्या एका कॅडेटने हात वर केला. "सर, मग हुकूम गाजवणे हेही जीन्समध्येच असते ना? काही जण जन्मतःच वरचढ, बाकीचे जन्मतःच दबलेले. निसर्गाचा नियमच आहे तो." प्रश्न हिंदीत होता, आपल्या पानासाठी तो मराठीत आणला आहे. त्याला जे म्हणायचे होते ते आपल्याकडे चार शब्दांत म्हणतात: बळी तो कान पिळी.

वर्गात हशा पिकला, कारण प्रश्न विचारणारा आणि ज्याच्याकडे बघत त्याने तो विचारला तो, दोघेही एकाच डॉर्मिटरीत राहतात. तेवढ्यात घंटा झाली आणि माझे उत्तर राहून गेले. ते आता इथे देतो.

पहिली गोष्ट म्हणजे यात थोडा शब्दाचा घोटाळा आहे. मेंडेलच्या धड्यात आपण 'डॉमिनंट' म्हणतो तो गुण, म्हणजे जोडीतला जो दिसून येतो तो. प्राण्यांच्या कळपातला 'डॉमिनंट' म्हणजे जो इतरांना हुसकावतो तो. इंग्रजीत शब्द एकच, पण त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. परीक्षेतही याची गल्लत होते, म्हणून सांगून ठेवतो.

आता खरा प्रश्न. वरचढपणा जनुकांत लिहिलेला असतो का? याचे उत्तर शोधायला जीवशास्त्रज्ञांनी ज्या प्राण्याची फार मदत घेतली आहे, तो तुमच्या तळहातावर मावेल एवढा मासा आहे. पूर्व आफ्रिकेत टांगानिका नावाचे सुमारे ६७० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. बुरुंडी, टांझानिया, झांबिया आणि काँगो असे चार देश त्याच्या काठावर आहेत. त्याच्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात हा मासा राहतो. शास्त्रीय नाव अ‍ॅस्टॅटोटिलापिया बर्टोनी; आपण नुसते बर्टोनी म्हणू. तो सिक्लिड कुळातला. उजनीच्या धरणाकाठी जी चिलापी मिळते तीही याच कुळातली, मूळची आफ्रिकेचीच, १९५२ मध्ये भारतात आणलेली. गोव्याचा कालुंदर, केरळचा करीमीन, हेही सिक्लिडच, पण ते पहिल्यापासून आपले. सुट्टीत घरी गेल्यावर ताटात यातला एखादा आला तर त्याचा आफ्रिकेतला भाऊबंद काय करतो ते आठवा.

बर्टोनीच्या नरांत दोन प्रकार दिसतात, आणि ते काचेच्या टाकीबाहेरून कुणालाही ओळखता येतात. वरचढ नर निळा किंवा पिवळा झळाळतो. डोळ्यातून खाली उतरणारी काळी रेघ, कल्ल्यामागे तांबूस नारिंगी डाग. तो तळाशी खड्डा खणतो, तेवढ्या जागेवर मालकी सांगतो, शेजाऱ्याशी भांडतो, मादीला आपल्या खड्ड्याकडे बोलावतो. दबलेला नर मातकट करड्या रंगाचा, काळी रेघ नसलेला. तो माद्यांच्या घोळक्यात त्यांच्यासारखाच दिसत फिरतो आणि कुणी अंगावर आले की पळतो. कोणत्याही वेळी मालकीची जागा असलेले नर थोडेच असतात. बहुतेक सगळे करडेच.

हे पाहून तुम्ही म्हणाल की सर, माझेच तर खरे ठरले. काही निळे, बाकीचे करडे. थांबा.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने आयुष्यातली अनेक दशके या एका माशाला दिली. त्याच्या प्रयोगशाळेतला एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सॅब्रिना बर्मिस्टर, एरिक जार्व्हिस आणि फर्नाल्ड या तिघांचा. आपल्या कॅडेटना तो विशेष आवडेल, कारण त्यात नाइट व्हिजन गॉगल आहे.

टाकीत एक मोठा वरचढ नर, एक लहान दबलेला नर आणि काही माद्या. लहान नर रोजच्या रोज हुसकावला जातो आणि त्याची त्याला सवय झालेली आहे. एका पहाटे, दिवे लागायच्या तासभर आधी, मिट्ट अंधारात संशोधक इन्फ्रारेड गॉगल लावून येतात आणि मोठ्या नराला अलगद उचलून नेतात. कुणाला काही कळत नाही. मग नेहमीच्या वेळेला दिवे लागतात.

लहान नर बघतो. 'साहेब' जागेवर नाही. काही मिनिटांत त्याचा रंग झळाळू लागतो, डोळ्यावरची काळी रेघ उमटते आणि कालपर्यंत अंग चोरून राहणारा हा मासा टाकीभर रुबाबात फिरू लागतो, इतरांच्या अंगावर जाऊ लागतो, माद्यांपुढे पिसारा फुलवल्यासारखे पर फुलवतो. त्याची जनुके रात्री होती तीच सकाळी आहेत. एकही अक्षर बदललेले नाही.

मग बदलले काय? इथे जनुक असणे आणि जनुक कामाला लागणे यातला फरक कळायला हवा. आपल्या ऑफिसच्या कपाटात स्टँडिंग ऑर्डरची जाड फाइल असते. आग लागली तर काय करायचे, पूर आला तर काय, पाहुणे आले तर काय, सगळे त्यात आहे. फाइल सगळीकडे सारखीच, पण आज तिच्यातल्या कोणत्या पानाची प्रत काढून नोटीस बोर्डावर लागली यावर आजचा दिवस ठरतो. पेशीतही असेच. डीएनए ही फाइल, आणि तिच्यातून उतरवलेली प्रत म्हणजे एमआरएनए. एखाद्या पेशीत एखाद्या जनुकाच्या अशा प्रती किती निघाल्या हे मोजता येते. मेंदूचे अतिशय पातळ काप घेऊन, कोणत्या भागात कोणत्या जनुकाच्या प्रती साचल्या आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. 'जनुकाची सक्रियता' म्हणतात ती हीच.

त्या सकाळी संशोधकांनी ईजीआर-१ नावाच्या जनुकावर नजर ठेवली होती. हे जनुक म्हणजे बिगुलवाला. बाहेर काही महत्त्वाचे घडले की मिनिटांत जागे होणाऱ्या जनुकांपैकी ते एक. त्यापासून बनणारे प्रथिन स्वतः फार काही करत नाही. ते दुसऱ्या जनुकांना उठवते. मेंदूच्या पुढच्या भागात, जिथून प्रजननाचे नियंत्रण होते त्या जागी, नव्याने वर चढणाऱ्या नरात ईजीआर-१ एकदम उसळलेले दिसले.

यात मला सगळ्यात गमतीची वाटते ती पुढची गोष्ट. आधीपासून राज्य करत असलेल्या नरांचे मेंदूही त्यांनी तपासले होते. त्यांच्यात ईजीआर-१ शांत होते, अगदी दबलेल्या नरांइतकेच शांत. म्हणजे हे 'राजाचे जनुक' नव्हेच. ते उसळते ते बदलाच्या क्षणी, जागा रिकामी आहे हे ओळखण्याच्या क्षणी. सिंहासनावर बसून राहायला ते लागत नाही.

बिगुल वाजल्यानंतरची परेड आता पाहू. अर्ध्या तासात त्या माशाच्या रक्तातील नर-संप्रेरके वाढलेली असतात. पुढच्या काही दिवसांत मेंदूतल्या जीएनआरएच नावाच्या संप्रेरकाच्या चेतापेशी वाढू लागतात. या पेशी पीयूष ग्रंथीला हुकूम देतात आणि ती ग्रंथी वृषणांना. वरचढ नरात या पेशी दबलेल्या नराच्या मानाने आकारमानाने सुमारे आठपट मोठ्या असतात. आठपट! आपण पुस्तकात मेंदू वर्तन ठरवतो असे शिकवतो. इथे समाजातली जागा मेंदूतल्या पेशीचा आकार ठरवते आहे. बाण उलट्या दिशेनेही जातो.

आणि परतही येतो. याच नराला त्याच्याहून मोठ्या नराच्या टाकीत टाकले की तो लगेच रंग टाकतो, घोळक्यात मिसळतो, आणि त्या फुगलेल्या चेतापेशी हळूहळू आकसतात. फर्नाल्डच्या गटाला असे दिसले की चढताना पेशी लवकर वाढतात, उतरताना सावकाश लहान होतात. वागणे मात्र दोन्ही वेळा ताबडतोब बदलते. पदावरून उतरलेला मासा काही काळ बाहेरून करडा आणि आतून राजा असतो.

राजेपण फुकट नसते हेही लक्षात ठेवा. दबलेले नर आणि नव्याने चढणारे नर अंगाने भराभर वाढतात. जागा राखणाऱ्या नराची वाढ मंदावते. पद गेलेल्या नराची तर थांबते, क्वचित तो आकसतोसुद्धा. सगळी शक्ती शेजाऱ्याला हुसकावण्यात गेली तर वाढायला उरणार काय? शिवाय झळाळता रंग मादीला दिसतो तसा वरून घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यालाही दिसतो.

मग जनुकांना काहीच महत्त्व नाही का? आहे, पुष्कळ आहे. २०२० मध्ये याच माशावर एक सुंदर काम झाले. बर्टोनीत नर-संप्रेरकाचा संदेश घेणारी दोन जनुके आहेत, अल्फा आणि बीटा. फार पूर्वी माशांच्या एका मोठ्या शाखेत सबंध जनुकसंच दुप्पट झाला होता, त्यातून ही जोडी आली. संशोधकांनी क्रिस्पर तंत्राने काही माशांत अल्फा बंद पाडले, काहींत बीटा. बीटा नसलेल्या नरांना झळाळी आली नाही, वृषणेही वाढली नाहीत, पण ते वरचढासारखे वागत होते. अल्फा नसलेले नर दिसायला पूर्ण राजे, रंग झळाळता, वृषणे मोठी. पण मादीला बोलावणे नाही, प्रतिस्पर्ध्यापुढे रुबाब करणे नाही. थोडक्यात वर्दी एका जनुकाकडे आणि वागणूक दुसऱ्याकडे. शेवटच्या बाकावरच्या आपल्या मित्राला मी हे सांगेन की जनुके यंत्रणा देतात. ही यंत्रणा प्रत्येक सर्वसाधारण नराकडे असते, करड्याकडेही आणि निळ्याकडेही. ती कधी सुरू व्हायची हे शेजारी कोण आहे यावर ठरते. निळे आणि करडे या दोन जाती नाहीत. त्या एकाच माशाच्या दोन अवस्था आहेत.

आता ज्या प्रयोगासाठी मी हा लेख लिहायला बसलो त्याकडे येतो. तो २०११ मधला.

एका टाकीच्या मध्यभागी पारदर्शक भिंत. एका बाजूला लहान नर, दुसऱ्या बाजूला मोठा आक्रमक नर. मोठा नर भिंतीवर येऊन येऊन हल्ले करतो, पण काच मध्ये आहे. चावा नाही, धक्का नाही. लहान नराला केवळ दिसते. तरीही तो सात दिवसांपर्यंत दबून राहिला. पहिल्या तीन दिवसांत त्याच्या शरीरातली ताणाशी संबंधित जनुके जास्त सक्रिय झाली आणि रक्तातले नर-संप्रेरक घटले. अंगावर एक ओरखडा नसताना.

मी हाउस मास्टर म्हणून काही वर्षे काढली आहेत. रात्रीच्या रोल कॉलनंतर एखादा लहान मुलगा तक्रार घेऊन येतो. आपण विचारतो, "मारले का?" तो म्हणतो, "नाही सर." आपण म्हणतो, "मग झाले तर, जा, झोप." आणि वही मिटते. मी हे केले आहे, एकदा नाही, अनेकदा. तो काय सांगायला आला होता? फक्त हे, की कुणीतरी रोज रात्री त्याच्या पलंगाशी येऊन नुसते उभे राहते. माशावरून माणसाचे अनुमान काढू नये हे मी तुम्हाला वर्गात बजावतो आणि इथेही बजावतो. माणसाचा ताण मोजायला माशाची काच पुरत नाही. पण हा प्रयोग वाचल्यापासून "मारले का?" हा माझा पहिला प्रश्न राहिलेला नाही.

त्या लहान नराची गोष्ट अजून संपली नाही. सातव्या दिवशी त्याची तपासणी झाली तेव्हा ताणाची जनुके, संप्रेरके, वृषणांचा आकार, सगळे नेहमीच्या पातळीवर आले होते. वागणे आणि रंग मात्र अजून दबलेल्याचेच. बाहेरून तो नमला होता, पण आतली तयारी त्याने मोडू दिली नव्हती. हा नमतेपणा म्हणजे एक वेश होता.

या माशांच्या अकलेबद्दल आणखी एक. २००७ मध्ये असे दिसले की बर्टोनी नर दुसऱ्यांच्या मारामाऱ्या नुसत्या पाहून क्रमवारी लावतो. त्याला दाखवले की अ ने ब ला हरवले, ब ने क ला, क ने ड ला, ड ने इ ला. मग त्याच्यासमोर ब आणि ड ठेवले, ज्यांची लढत त्याने कधी पाहिलीच नव्हती. तो कमजोर असलेल्या ड च्या बाजूला जास्त वेळ थांबला. रिझनिंगच्या पेपरात 'राम श्यामपेक्षा उंच, श्याम मोहनपेक्षा उंच' असले प्रश्न येतात. त्यात ज्यांचे गुण जातात त्यांनी याचे वाईट वाटून घेऊ नये; माशाला सरावासाठी पुष्कळ वेळ मिळाला होता.

आता शेवटचा प्रयोग, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला, टेक्सास विद्यापीठातल्या हान्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेशी संबंधित. कॅडेटच्या प्रश्नाला खरे उत्तर मला यात दिसते, कारण त्याने विचारले वरचढपणाबद्दल, पण त्याच्या मनात होती ती लीडरशिप. या दोन शब्दांतला फरक मोजून पाहणे सोपे नसते. या लोकांनी तो मोजला.

आधी नेहमीचे वागणे पाहिले. टाकीत वरचढ नर जिकडे जाईल तिकडे घोळका हलतो. तो धावला की बाकीचे सरकतात. दबलेल्या नराकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. इथपर्यंत बळी तो कान पिळी अगदी बरोबर.

मग एक काम दिले. टाकीत एक दिवा लागला की त्या बाजूला खाद्य मिळते, हे घोळक्याने शिकायचे. प्रत्येक घोळक्यात एकच मासा असा, की ज्याला हे आधीपासून शिकवलेले. काही घोळक्यांत हा जाणकार मासा वरचढ नर होता, काहींत दबलेला नर. माहिती दोघांकडे सारखीच. आता दिवा लागल्यावर कोणाच्या मागे घोळका जाईल?

गेला तो दबलेल्याच्या मागे. सगळ्यांना एकमताने योग्य जागी नेण्यात दबलेला नर वरचढापेक्षा सरस ठरला.

कारण शोधताना संशोधकांनी प्रत्येक माशाच्या हालचालीचा हिशोब मांडला. दबलेला नर इतरांच्या जवळ राहतो. तो एरवी फारसा धावत नाही. म्हणून तो दिव्याकडे झेपावला की ती झेप उठून दिसते. वरचढ नर घोळक्यापासून अंतर राखून असतो आणि दिवसभर याच्या त्याच्या अंगावर धावतच असतो. सिग्नलच्या वर्गात वायरलेस सेटवर बसलेल्यांना हे लगेच कळेल: संदेश आहे, पण खरखर इतकी की संदेश त्यात बुडतो. दिवा लागल्यावर वरचढ नर खाद्याकडे धावला, तर बाकीच्यांना कळतच नव्हते की तो जेवायला निघाला आहे की त्यांना चावायला.